घटस्फोटात घराची किंमत कोणाकडून काढून घ्यावी? मूल्यांकनाच्या सेवांची पारख

दागिने वाटून घेता येतात, मुदतठेवी मोडता येतात. दोन बेडरूमच्या सदनिकेतली एक बेडरूम मात्र कोणी उचलून नेऊ शकत नाही. म्हणून घटस्फोटाच्या वाटाघाटीत घराला दोनच वाटा असतात. विकून पैसे वाटायचे, नाहीतर एकाने घर ठेवायचं आणि दुसऱ्याचा हिस्सा पैशात द्यायचा. विकलं तर किंमत गिऱ्हाईक सांगतं. ठेवायचं असेल तर ती कोणीतरी कागदावर लिहून द्यावी लागते. हे लिहून देणारे चार-पाच प्रकारचे आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचा कागद दुसऱ्याच कामासाठी बनलेला असतो. पुणे-मुंबई पट्ट्यातल्या सदनिका डोळ्यांसमोर ठेवून ही पारख केली आहे. गोव्याचं आणि परदेशातल्या जोडप्यांचं शेवटी.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. ‘कायद्याने बायकोला अर्धं घर मिळतं’ असं हिंदू विवाह कायद्यात कुठेही नाही. कलम २७ लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून भेट आलेल्या मालमत्तेपुरतं आहे. नवरा-बायकोमधला मालमत्तेचा वाद कुटुंब न्यायालय ऐकू शकतं, ते १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ७ मुळे. पण करारनाम्यावर नावं कोणाची, हप्ते कोणी भरले, माहेरून-सासरून किती आले, याचा निकाल मूल्यांकनकार देत नाही. तो फक्त पूर्ण घराची किंमत सांगतो. ती लागते तीन ठिकाणी: परस्पर संमतीच्या घटस्फोटातल्या संमतीच्या अटी लिहिताना, पोटगीच्या अर्जासोबतच्या मालमत्ता-दायित्वाच्या शपथपत्रात (रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून दोघांनाही ते द्यावंच लागतं), आणि मालमत्तेचा दावा लढवायची वेळ आली तर पुरावा म्हणून.

फुकटच्या सेवांपासून सुरुवात करू. मालमत्तांच्या संकेतस्थळांवर इमारतीचं नाव टाकलं की ‘अंदाजे किंमत’ येते. ती प्रामुख्याने जाहिरातींतल्या मागणीच्या भावावर उभी असते. मागितलेला भाव आणि ठरलेला भाव यांत फरक असतोच, शिवाय जाहिरातींत कारपेट (घरातली वापरायची जागा), बिल्टअप (भिंतींसकट) आणि सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेसकट) यांची सरमिसळ असते. घर ठेवणारा आणि सोडणारा असे दोघेही आपापल्या सोयीचा स्क्रीनशॉट वकिलाला पाठवतात आणि बोलणी तिथेच अडतात. पाचपैकी एक गुण, तोही भागाचा सर्वसाधारण कल कळतो म्हणून.

एजंटचं तोंडी मत त्याहून बरं. त्याच सोसायटीत गेल्या वर्षी कोणता व्यवहार कितीला झाला आणि कोणता फिसकटला, हे त्याला ठाऊक असतं. पण घर विक्रीला आलं तर दलाली आपल्याला मिळावी ही आशाही असते, त्यामुळे आकडा थोडा फुगतो. त्याच्याकडून किंमत विचारण्यापेक्षा व्यवहार विचारावेत: कोणता मजला, कोणता महिना, पार्किंग होतं का. ती माहिती पुढे नोंदणीकृत दस्तांवर ताडून पाहता येते. दोन गुण.

तिसरा मार्ग वकिलांच्या आवडीचा: रेडी रेकनर, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक मूल्य दर तक्ते. ते ऑनलाइन मोफत दिसतात. गाव, विभाग, सर्व्हे क्रमांक निवडायचा, निवासी सदनिकेचा प्रति चौरस मीटर दर घ्यायचा आणि गुणाकार करायचा. इथे पहिली चूक क्षेत्रफळात होते. तक्त्याचा दर बिल्टअपला लागतो. जुन्या करारनाम्यातल्या कारपेटला १.२ ने आणि रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातल्या कारपेटला १.१ ने गुणावं लागतं. दुसरी चूक मजल्याची: लिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्याच्या वर टप्प्याटप्प्याने दर वाढतो. तिसरी वयाची: जुन्या बांधकामाला घसारा मिळतो. आणि हे सगळं बिनचूक केलं तरी हाती येतो तो मुद्रांक शुल्काचा आधार. काही भागांत तो खऱ्या व्यवहारांच्या बराच खाली असतो, तर कुठे लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत चक्क वरही जातो. घर सोडणाऱ्याने रेडी रेकनरवर सही करण्याआधी शेजारच्या सदनिकेचा दस्त एकदा उघडून पाहावा.

याच गोंधळाचा दुसरा अवतार सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदणीकृत दस्ताच्या सरकारी सारांशात, सापडतो. त्यातला रकाना २ ‘मोबदला’, रकाना ३ ‘बाजारभाव’. नाव वाचून लोक रकाना ३ चा आकडा उचलतात. तो रेडी रेकनरचा हिशोब आहे. घेणाऱ्याने दस्तात दाखवलेली रक्कम रकाना २ मध्ये असते. त्या दोन रकान्यांत खूप फरक दिसला तर दस्त कोणत्या प्रकारचा आहे ते आधी बघा. बक्षीसपत्र किंवा नातेवाइकांतला व्यवहार तुलनेला घेता येत नाही.

बँकेच्या पॅनेलवरच्या मूल्यांकनकाराचा अहवाल अनेकांच्या घरात आधीच पडून असतो, किंवा ‘बँकेने एक कोटी दहा धरले होते’ असं तोंडी आठवत असतं. हा अहवाल तारणासाठी बनलेला असतो. त्यात सहसा तीन आकडे असतात: बाजारमूल्य, वसूल होण्याजोगं मूल्य आणि घाईच्या विक्रीचं मूल्य. शेवटचे दोन बऱ्याचदा पहिल्यातून ठरावीक टक्के वजा करून काढलेले असतात. वाटाघाटीत एक बाजू पहिला आकडा धरते, दुसरी तिसरा. शिवाय अहवाल बँकेच्या नावाने आणि बँकेच्या हेतूने लिहिलेला असल्याने, उलटतपासणीत तो दुसऱ्या वापरासाठी नाही असं त्याचा कर्ताच सांगेल. जुन्या मोजमापांसाठी उपयोगी, किमतीसाठी नाही. दोन गुण.

आता मुख्य सेवा: स्वतः नेमलेला नोंदणीकृत मूल्यांकनकार. नोंदणीचे दोन मार्ग आहेत. एक जुना, संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४ एबी खालचा. संपत्ती कर बंद झाला तरी ही नोंदणी आयकराच्या कामांत चालत राहिली. दुसरा कंपनी कायद्याच्या कलम २४७ आणि २०१७ च्या नियमांखालचा, दिवाळखोरी मंडळाकडे म्हणजे आयबीबीआयकडे नोंदणी झालेला. दुसऱ्या प्रकारात मालमत्तेचे वर्ग वेगळे आहेत. ‘लँड अँड बिल्डिंग’ वर्गाचाच माणूस हवा. ‘सिक्युरिटीज’ वर्गाच्या नोंदणीवर सदनिकेचा अहवाल घेणं म्हणजे हाडांच्या डॉक्टरकडून चष्म्याचा नंबर काढणं. मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून वर्ग तपासता येतो. घटस्फोटासाठी अमुकच नोंदणी हवी असं कोणताही कायदा सांगत नाही. न्यायालय त्याला तज्ज्ञाचं मत म्हणून बघतं (पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ४५, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ३९). पण ‘चार्टर्ड इंजिनियर’ एवढाच शिक्का असलेला कागद साक्षीच्या पिंजऱ्यात लवकर लंगडा पडतो.

फी सदनिकेसाठी बहुधा चार आकडी, मोठ्या सदनिकेला किंवा बंगल्याला पाच आकडी. ती आधी ठरवून लेखी घ्या. आयबीबीआयच्या आचारसंहितेत यशावर अवलंबून फी घ्यायला मनाई आहे आणि लेखी करारात नसलेली रक्कम घ्यायलाही. ‘किती आकडा हवाय?’ असा प्रश्न समोरून आला की तिथून उठावं. न्यायालयात साक्षीला यावं लागलं तर दर तारखेचे किती, हेही त्याच पत्रात लिहून घ्यावं. फीवरून पुढे भांडण होतं ते हमखास इथे.

सगळ्यात जास्त पैसे आणि महिने वाचतात ते दोघांनी मिळून एकच मूल्यांकनकार नेमला तर. नेमणूक पत्रावर दोघांच्या सह्या, फी निम्मी-निम्मी, अहवाल दोघांना एकाच ईमेलने, आणि कच्चा मसुदा एकट्याला दाखवायचा नाही, ही अट स्पष्ट. हेतू ‘वैवाहिक वादात वाटपासाठी खुल्या बाजारातलं मूल्य’ असा लिहावा. नुसतं ‘वैयक्तिक वापरासाठी’ नको. मूल्यांकनाची तारीखही दोघांनी ठरवून लिहावी. आपल्याकडे ‘वेगळं राहायला लागलो ती तारीख’ मूल्यासाठी आपोआप लागू होत नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटात (हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब) दोन अर्जांमध्ये सहा महिने जाऊ शकतात (२०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून न्यायालय ते माफ करू शकतं), तेवढ्यात भाव हलतो. तारीख लिहिलेली नसली की तो हलल्याचा फायदा कोणाचा यावरून वाद.

मूल्यांकनकाराला द्यायचे कागद: नोंदणीकृत करारनामा आणि त्याची सूची २, भागदाखला, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, मालमत्ता कराची शेवटची पावती, सोसायटीचं ताजं देखभाल बिल आणि पार्किंग वाटपाचं पत्र. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर लपवू नका. त्याने किंमत कमी होते आणि गिऱ्हाइकाला कर्ज मिळायला अडचण येते. अहवालात ते आलं नाही तर समोरचा वकील काढेलच.

चांगल्या भेटीत तो लेझर मीटरने खोलीनिहाय माप घेतो, भिंतींची जाडी नोंदवतो, बाल्कनी आत घेतली आहे का ते बघतो. रेराच्या व्याख्येत कारपेटमध्ये आतल्या भिंती येतात; बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाही. बंद केलेल्या बाल्कनीचा भाव खोलीच्या दराने लावला असेल तर तो अहवाल परत पाठवावा. मग तो बाथरूमची छतं, डक्टकडची भिंत, वरच्या मजल्यावर असल्यास गच्चीखालची ओल बघतो, आणि सोसायटीच्या कार्यालयात जाऊन इमारतीचं वय, थकबाकी आणि पुनर्विकासाचा ठराव विचारतो. वाईट भेटीत मदतनीस मुलगा येऊन चार फोटो काढून जातो आणि क्षेत्रफळ करारनाम्यातून उतरवलं जातं. जोडीदाराने घरात येऊ दिलं नाही तर अहवालात ‘आतून पाहणी नाही’ असं ठळक लिहिलेलं असावं आणि गृहीतकंही. न पाहता पाहिल्यासारखं लिहिलेला अहवाल पुढे दोघांनाही महागात पडतो.

अहवाल हातात आला की शेवटचं पान नंतर उघडा. आधी जोडपत्रं बघा. तुलनेच्या व्यवहारांच्या सूची २ जोडल्या आहेत का? किमान तीन हव्यात, शक्यतो त्याच सोसायटीतल्या किंवा शेजारच्या, आणि जुन्यात जुना वर्षभरातला. ‘स्थानिक चौकशीनुसार दर चौरस फुटाला १४,००० ते १६,०००’ एवढंच वाक्य असेल तर तुम्ही एका माणसाचा अंदाज विकत घेतला आहे. प्रत्येक व्यवहारापुढे मजला, पार्किंग, वय, क्षेत्रफळ आणि तारखेसाठी केलेली बेरीज-वजाबाकी वेगळी दिसली पाहिजे. हे तुम्हालाही पडताळता येतं: नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक टाकला की त्या जागेचे दस्त येतात. कॅप्चा पहिल्यांदा बरोबर टाकूनही तो पुन्हा मागतो, त्याने खचू नये. त्याच यादीत भाडेकरारही असतात. भाड्यावरून काढलेली किंमत हा दुसरा ताळा. मात्र आपल्या शहरांत घराच्या किमतीच्या मानाने भाडं इतकं कमी आहे की त्या पद्धतीचा आकडा एकट्याने धरू नये.

सर्वात महाग चूक क्षेत्रफळाचीच. समजा कारपेट ६४० चौरस फूट आणि तुलनेच्या व्यवहारांतून निघालेला कारपेटचा दर चौरस फुटाला १५,०००. किंमत ९६ लाख. हाच दर चुकून १.२ ने वाढवलेल्या ७६८ चौरस फुटांना लावला तर १,१५,२०,०००. फरक १९,२०,०००, निम्मा हिस्सा द्यायचा असेल तर ९,६०,००० विनाकारण जास्त. दर आणि क्षेत्रफळ एकाच जातीचे आहेत ना, हे दहा मिनिटांत तपासता येतं आणि तरी राहून जातं.

पार्किंगचंही असंच. नहालचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या २०१० च्या निकालात स्टिल्ट पार्किंग (इमारतीखालच्या खांबांमधलं) बिल्डरने स्वतंत्र विकू नये असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. त्यामुळे पार्किंगला ‘पाच लाख’ असा सुटा आकडा लावण्यापेक्षा पार्किंग असलेल्या आणि नसलेल्या सदनिकांच्या व्यवहारांतला फरक दाखवणं बरोबर.

पुनर्विकासाच्या वाटेवरची इमारत ही सगळ्यात अवघड परीक्षा. एक बाजू म्हणते आजच्या मोडक्या घराची किंमत धरा. दुसरी म्हणते नव्या मोठ्या घराची. दोन्ही एकांगी. विचारायचं ते असं: सर्वसाधारण सभेचा ठराव झाला आहे की विकासकाशी करार नोंदणीकृत आहे? बांधकामाची परवानगी आली आहे का? भाडं आणि कॉर्पस (विकासकाने द्यायची एकरकमी रक्कम) किती आणि कोणाच्या खात्यात? करार नोंदवलेला आणि परवानगी आलेली असेल तर भविष्यातल्या घराची किंमत आजच्या तारखेला आणून, उशिराचा धोका वजा करून धरता येते. नुसती चर्चा चालू असेल तर त्याच अवस्थेतल्या आजूबाजूच्या सोसायट्यांतले व्यवहार घ्यावेत. बाजाराने ती आशा किमतीत आधीच मोजलेली असते. एकरकमी आकड्यावर एकमत होतच नसेल तर संमतीच्या अटींत आजचं मूल्य वेगळं आणि नव्या घराचा ताबा मिळाल्यावरच्या वाढीतला हिस्सा वेगळा, असं दोन टप्प्यांत लिहिणं उत्तम. नवी मुंबईत सिडकोची भाडेपट्ट्याची जमीन असेल तर हस्तांतर शुल्क आणि परवानगी, आणि भोगवटादार वर्ग २ च्या (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेल्या) जमिनीवर सरकारी रक्कम, या वजावटी अहवालात स्वतंत्र दिसायला हव्यात.

मूल्यांकनकार कर्ज वजा करत नाही, आणि करूही नये. बँकेकडून तारखेसकट फोरक्लोजर पत्र (कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील ते सांगणारं) घ्या. ९६ लाखांच्या घरावर ३१ लाख बाकी असतील तर वाटायचे ६५ लाख, निम्मे म्हणजे साडेबत्तीस. पुढची अडचण मोठी आहे: हक्कसोड पत्र केलं तरी घर सोडणारा कर्जातून सुटत नाही. सहकर्जदाराचं नाव काढायचं की नाही हे बँक उरलेल्या एकट्याच्या उत्पन्नावरून ठरवते, आणि हिस्सा द्यायला वाढीव कर्ज मागितलं तर ती स्वतःच्या पॅनेलचा अहवाल घेते, जो बहुधा तुमच्या अहवालापेक्षा कमी येतो. रक्कम देण्याची तारीख ठरवण्याआधी बँकेत जाऊन या.

नोंदणीच्या टेबलावर तुमचा अहवाल कोणी उघडणार नाही; तिथे रेडी रेकनरच चालतो. मोबदला घेऊन केलेल्या हक्कसोडीला त्या हिश्श्याच्या मूल्यावर अभिहस्तांतरणासारखं, म्हणजे विक्रीच्या दस्तासारखं, शुल्क लागतं. निवासी घराचं नवरा-बायकोतलं बक्षीसपत्र असेल तर मूळ शुल्क नाममात्र, स्थानिक अधिभार वेगळा. पण ते नातं दस्ताच्या दिवशी टिकून असावं लागतं, म्हणजे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याआधी, आणि बक्षीसपत्रात मोबदला नसतो. संमतीच्या अटींत ‘घराच्या बदल्यात साडेबत्तीस लाख’ लिहायचे आणि नोंदणीला बक्षीसपत्र न्यायचं, हा खेळ करू नका. आयकरातही ‘नातेवाईक’ म्हणून मिळणारी बक्षिसाची सवलत नातं टिकून असेपर्यंतच आहे.

एकमत होत नसेल आणि दोन बाजूंचे दोन अहवाल आले तर सरासरी काढण्याची घाई नको. दोन्हींतली क्षेत्रफळं, तारखा आणि व्यवहार शेजारी-शेजारी ठेवा. मोठा फरक बहुतेक वेळा यांतल्या एकाच ओळीत दडलेला असतो. तरी तिढा राहिला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली न्यायालयाकडे कमिशनर (न्यायालयाने पाहणीसाठी नेमलेला माणूस) मागता येतो. त्याचा अहवाल पुराव्याचा भाग होतो आणि त्याला प्रश्न विचारता येतात. पण अर्ज, हरकत, नेमणूक, पाहणी, पुन्हा हरकत अशा तारखा पडतात. विश्वासार्हतेला पाचपैकी चार, वेगाला एक. दोघांनी मिळून नेमलेल्या मूल्यांकनकाराला आम्ही साडेचार देतो. एकतर्फी नेमलेल्याला तीन, आणि सूची २ न जोडणाऱ्याला तेही नाहीत.

गोव्यात चित्र उलटं आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे विवाहपूर्व करार केलेला नसेल तर सर्वसाधारणपणे संपत्ती समाईक धरली जाते आणि अर्ध्या हिश्श्याचा प्रश्न कायद्यानेच सुटतो. भांडण उरतं ते किमतीचं, म्हणून मूल्यांकनाचं वजन जास्त. वाटप इन्व्हेंटरी प्रक्रियेत (मालमत्तेची यादी करून न्यायालयात होणारी वाटणी) होतं आणि वस्तूवर दोघांत बोली लावण्याची सोय आहे. घर ठेवू इच्छिणाऱ्याने तिथे मूल्यांकनाचा आकडा ही फक्त सुरुवात धरावी.

अमेरिकेत घटस्फोट चालू असलेल्या जोडप्यांना पुण्यातल्या सदनिकेचा अहवाल लागतो तेव्हा तो इंग्रजीत, चौरस फुटांत आणि रुपया-डॉलर दराच्या तारखेसह मागावा. कॅलिफोर्नियात मूल्य सुनावणीच्या शक्य तितक्या जवळच्या तारखेचं धरतात, म्हणून वर्षभर आधी काढलेला अहवाल बाद होऊ शकतो. पाहणीला घर उघडून देणाऱ्या नातेवाइकाचं अधिकारपत्र आधी पाठवा. आणि नेमणूक पत्रातच ‘सहा महिन्यांनंतर नव्या व्यवहारांसह अद्ययावत पत्र, ठरलेल्या कमी फीत’ हे कलम घाला. पुन्हा पूर्ण अहवालाचे पैसे भरावे लागत नाहीत.